खानदेशातला जुना वाडा परसबागेसह अखंड विकत घेताना

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आज जुने वाडे विक्रीला निघतात ते बहुधा तुकड्यातुकड्यांनी. आधी माजघराचे सागवानी खांब आणि देवडीचा दरवाजा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातो, मग परसाचे प्लॉट पडतात, रस्त्याकडच्या ओट्यावर गाळे उभे राहतात आणि उरलेली मातीची भिंत एखाद्या पावसाळ्यानंतर धोकादायक ठरवून उतरवली जाते. ज्या कुटुंबाला असा वाडा राहण्यासाठी, त्याच्या चौकासकट आणि झाडांसकट घ्यायचा आहे, त्यांनी पहिल्या भेटीपासून एकच गोष्ट धरून चालावे: चौक, धाबे (मातीचे सपाट छप्पर), आड, बोळातली वाट, परस आणि अंगचे लाकूड हे सगळे एकाच खरेदीखताने आपल्याकडे आले पाहिजे. यातले एखादे बाहेर राहिले, तर हातात वाडा येत नाही, वाड्याची जागा येते. पुढे लिहिलेली प्रत्येक तपासणी याच हेतूने करायची आहे.

वाडा संरक्षित आहे का, आणि कोणाच्या यादीत

‘हेरिटेज वाडा’ हा शब्द दलाल सहज वापरतात, पण कायद्याने संरक्षण देणाऱ्या यंत्रणा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे आहेत. केंद्र सरकारचे संरक्षण १९५८च्या प्राचीन स्मारक अधिनियमाखाली असते आणि ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण सांभाळते. राज्याचा स्वतंत्र अधिनियम १९६०चा असून त्याची अंमलबजावणी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय करते. राहता खासगी वाडा या दोन्हींपैकी एखाद्या यादीत असणे दुर्मीळ आहे. त्याहून जास्त शक्यता असते ती वाडा एखाद्या केंद्र-संरक्षित स्मारकाच्या शेजारी असण्याची. चांगदेव येथील मंदिर, चाळीसगावजवळच्या पाटणचे महेश्वर मंदिर किंवा साक्री तालुक्यातील बलसाणे येथील मंदिरसमूह अशा ठिकाणांच्या आसपास घर घेताना अंतर मोजून घ्यावे. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटरचा पट्टा विनियमित असतो. प्रतिबंधित पट्ट्यात नवे बांधकाम करता येत नाही. १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती करता येते, पण तीही सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घेऊनच.

तिसरी यादी नगररचनेची, आणि वाडा घेणाऱ्याच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची. महानगरपालिका किंवा नगरपरिषद आपल्या हद्दीतील वारसा इमारतींची श्रेणीनिहाय यादी करू शकते, आणि २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत त्याची तरतूद आहे. पहिल्या श्रेणीत मूळ रूपाला जवळजवळ हात लावता येत नाही, दुसरीत वारसा समितीच्या सल्ल्याने आतले बदल शक्य असतात आणि तिसरीत त्याहून थोडी अधिक मोकळीक मिळते. म्हणून नगररचना विभागाकडे लेखी अर्ज करून ही मिळकत अशा कोणत्याही यादीत आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत, हे लेखीच विचारावे. त्याच अर्जात विकास आराखड्याचा भाग नकाशा मागावा, कारण रस्ता रुंदीकरणाची रेषा वाड्याच्या देवडीतून जात असेल, तर यादीत नाव असूनही देवडीचे भवितव्य निश्चित राहत नाही. वाडा नदीकाठी असेल, विशेषतः धुळ्यात पांझरेच्या किंवा अमळनेरात बोरीच्या बाजूला, तर बांधकामावर बंधने आणणारी निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

यादीत नाव असणे हे कमीपणाचे समजू नये. जो माणूस धाबे पाडून त्यावर स्लॅब टाकण्याच्या विचाराने येतो त्याला ते अडचणीचे वाटेल, आणि त्याने असा वाडा घेऊच नये हे बरे.

मालक नेमके किती

वाड्याच्या दारात उभा असलेला विक्रेता हा बहुतेक वेळा अनेकांपैकी एक असतो. आजोबा-पणजोबांच्या नावाची मिळकत, त्यांच्या पश्चात वारसनोंद अर्धवट, एक भाऊ गावात, दुसरा नाशिकला, चुलत्यांची मुले सुरतेत कायमची स्थायिक, आणि बहिणींची नावे कागदावर आलेलीच नाहीत, हे चित्र आपल्याकडे घरोघरी दिसते. म्हणून सर्वांत आधी विक्रेत्याकडून प्रतिज्ञापत्रावर वंशावळ घ्यावी आणि ती मिळकत पत्रिकेवरील (नगर भूमापनाच्या मालकी उताऱ्यावरील) नावांशी, मृत्यू दाखल्यांशी आणि जुन्या फेरफारांशी ताडून पाहावी.

मुलींच्या हक्काबद्दल गावात अजूनही बेफिकिरी आढळते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. वडील त्या तारखेला हयात असणे गरजेचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. ‘बहिणींनी तोंडी सोडून दिले आहे’ या वाक्यावर विसंबून एक रुपयाही देऊ नये. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे किंवा बहिणींनी खरेदीखतावर स्वतः सह्या कराव्यात, आणि दुसरा मार्गच अधिक चांगला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, तेव्हा त्या घरी जाऊन सगळ्यांना एकत्र भेटण्याची रीत पाळावी. त्या एका बैठकीत कोणाची संमती मनापासून आहे आणि कोण भावाच्या भिडेपोटी गप्प आहे, हे कागदापेक्षा लवकर कळते. कुळमुखत्यारपत्रावर विक्री होत असेल, तर मुखत्यारपत्र देणारा हयात आहे का आणि त्याने ते रद्द केलेले नाही ना, हे त्याच्याशी स्वतः बोलून पाहावे. वारसांत अज्ञान मूल असेल, तर जिल्हा न्यायालयाच्या परवानगीची गरज आहे का, हे वकिलाकडून लेखी घ्यावे.

यानंतर वकिलाकडून मिळकतीच्या मागील व्यवहारांचा किमान ३० वर्षांचा शोध अहवाल करून घ्यावा आणि स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी. जुने कागद शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले, आणि नंदुरबार जिल्हा तर १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा निघाला. त्यामुळे शहाद्याच्या किंवा तळोद्याच्या वाड्याचे कागद धुळ्याच्या अभिलेखात मिळू शकतात आणि त्यांवर जिल्हा ‘पश्चिम खानदेश’ असाच लिहिलेला असतो. जुनी खते मोडीत असतील, तर जाणकार मोडी वाचकाकडून त्यांचे प्रमाणित लिप्यंतर करून घ्यावे. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर ही दोन ठिकाणे घराण्याचा आणि वतनाचा माग काढण्यासाठी उपयोगी आहेत.

वतनाचा माग केवळ हौसेसाठी काढायचा नाही. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी यांच्या वाड्यांची जमीन कधीकाळी इनामाची असू शकते. वतने रद्द झाल्यावर ती कोणत्या अटीवर परत दिली गेली, नजराणा भरला का, भोगवटादार वर्ग १ (विक्रीस मोकळी) आहे की २ (विक्रीला सरकारी परवानगी लागणारी), हे कागदावरूनच कळते. वाड्यातले मंदिर नुसते घरचे देवघर आहे की नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, हेही पाहावे. न्यासाची मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून विकता येत नाही आणि देवस्थान इनामाच्या जमिनीपासून तर दूरच राहावे.

ओट्यावर शिंपी, सोनार किंवा किराणा दुकानदार वर्षानुवर्षे बसत असेल, तर तो १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याखालचा संरक्षित भाडेकरू असण्याची दाट शक्यता आहे. विक्रेता ‘खरेदीनंतर तुम्ही काढून घ्या’ असे म्हणाला, तर ते मान्य करू नये. एक तर त्याच्याशी लेखी तडजोड करून खरेदीपूर्वी ताबा मोकळा करून घ्यावा, नाहीतर तो राहणारच असे धरून किंमत ठरवावी. भाडेकरू भला असेल, तर त्याचे असणे मोठ्या, अर्धवट बंद घराला सोबतीचेच ठरते.

परस वेगळ्या कागदावर असतो

वाड्याच्या व्यवहारात सर्वाधिक फसगत इथे होते. घर गावठाणात असते. त्याचा कागद नगर भूमापन झालेल्या गावात मिळकत पत्रिका हा असतो, आणि लहान गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरांच्या आकारणीची नोंद) किंवा अलीकडे स्वामित्व योजनेतून ड्रोन मोजणीनंतर मिळालेली पत्रिका. पण मागच्या दारातून बाहेर पडल्यावर जो परस लागतो, जिथे गोठा, खळे, चिंच आणि सीताफळाची झाडे असतात, तो पुष्कळदा गावठाणाच्या हद्दीबाहेरचा वेगळा गट नंबर असतो आणि त्याचा सातबारा निराळा असतो. सातबाऱ्यावर तो शेतजमीन म्हणून राहिला असेल आणि घेणारे कुटुंब शेतकरी नसेल, तर बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेऊ न देणारे १९४८च्या कूळ कायद्याचे कलम ६३ आडवे येते. तुकडेबंदीचा, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकण्यावरच्या बंधनाचा, प्रश्न असेल, तर तोही याच टप्प्यावर सुटला पाहिजे. नंदुरबार जिल्ह्यात आणि साक्री-शिरपूरच्या पट्ट्यात आणखी एक तपासणी अनिवार्य आहे. तो गट मूळ आदिवासी खातेदाराचा असेल आणि परवानगीशिवाय हस्तांतरित झाला असेल, तर मधल्या काळात कितीही हात बदललेले असोत, तो व्यवहार टिकत नाही.

म्हणून सौद्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, आणि ती घराची व परसाची एकत्र मागावी. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना आवर्जून बोलवावे. सामाईक भिंत कोणाची, बोळातून बैलगाडी जाण्याची वहिवाट कोणाला, शेजारच्या धाब्याची पन्हाळ आपल्या चौकात पडते तो त्यांचा हक्क आहे की केवळ चालत आलेली सवय, हे प्रश्न सर्वांसमक्ष विचारून पंचनाम्यात लिहून घ्यावेत. २० वर्षे विनाअडथळा चालत आलेल्या वाटेला, उजेडाला आणि पाण्याला सुविधाधिकाराचे संरक्षण मिळते. ते आपल्या बाजूचेही असू शकते आणि विरुद्धचेही.

आड किंवा विहीर वैशाखात पाहावी. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात भूजल इतके खाली गेले आहे की जुन्या बांधीव विहिरीत पावसाळ्यानंतर दिसलेले पाणी मे महिन्यात असेलच याची खात्री देता येत नाही. विहीर दोन भाऊबंदांच्या हद्दीवर असेल, तर पाण्याचा वाटा खरेदीखतात लिहावा. झाडांच्या बाबतीत शहरी हद्दीत १९७५चा वृक्ष जतन कायदा लागू होतो आणि ५० वर्षांहून जुन्या झाडांना आता वारसा वृक्षाचा दर्जा आहे. तेव्हा परसातला जुना कडुलिंब गाडी लावण्यासाठी तोडता येईल असे धरून कोणी बेत आखू नये.

धाबे, तुळया आणि पाया

आमच्याकडचा वाडा मातीने उभा आहे. खाली दगडी जोते, वर पांढऱ्या मातीच्या किंवा भाजक्या विटांच्या रुंद भिंती, सातपुड्यातल्या सागाचे खांब आणि तुळया, त्यांवर कड्या (आडवी बारीक लाकडे) आणि फळ्यांची लादणी आणि सर्वांत वर खारी माती चोपून केलेले धाबे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा याच भिंती आणि हेच धाबे माजघर राहण्याजोगे ठेवतात. तपासणी करायला या बांधणीची सवय असलेला माणूस न्यावा. फक्त काँक्रीटच्या इमारती पाहिलेला अभियंता मातीच्या भिंतीला सरसकट नापास करतो, ते तिच्यावर अन्याय करणारे आहे आणि तसा दाखला पुढे वाडा पाडण्यासाठी वापरला जातो. वारसा संवर्धनाचा अनुभव असलेला वास्तुविशारद आणि गावातला जुना सुतार, अशी जोडी मिळाली तर उत्तम.

धाब्यावर चढून पाहण्याआधी खालून लादणी पाहावी. फळ्यांवर तपकिरी वलये दिसली, तर त्या जागी पाणी मुरते. वलय जुने असेल तर कोरडे आणि फिकट असते, चालू असेल तर बोट लावल्यावर माती दमट लागते. मग तुळईची टोके पाहावीत. तुळई मध्यभागी क्वचितच कुजते. ती कुजते भिंतीत शिरलेल्या टोकाशी, कारण तिथे ओल अडकते आणि वारा लागत नाही. भिंतीलगत वीतभर जागेवर जाड सुई किंवा बारीक पेचकस दाबून पाहावा. चांगल्या सागात तो दाण्यापलीकडे जात नाही, कुजलेल्यात बोटभर आत बसतो. वरून रंग दिलेली तुळई असेल, तर ही तपासणी टाळूच नये. खांबाच्या तळाशी, उथाळ्याच्या दगडालगत, वाळवीच्या मातीच्या नळ्या शोधाव्यात. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा सोडते, पण दुरुस्तीच्या वेळी मधे घातलेल्या आडजात लाकडाला ती सोडत नाही, आणि बऱ्याच वाड्यांत दर तिसरी-चौथी कडी अशी नंतरची असते.

धाब्यावर गवत उगवलेले असेल, उतार पन्हाळीकडे राहिलेला नसेल किंवा गळती थांबवण्यासाठी वरून सिमेंटचा थर दिलेला असेल, तर त्या खोलीचे धाबे पूर्ण उतरवून नव्याने करावे लागेल असे धरावे. सिमेंटचा थर जड असतो, त्याला तडे जातात आणि त्या तड्यांतून गेलेले पाणी बाहेर निघत नाही. मातीच्या भिंतीला दिलेल्या सिमेंट गिलाव्याचेही तसेच आहे. गिलावा टणक दिसतो, पण जोत्याच्या वर हात-दीड हातापर्यंत पोकळ वाजतो, आणि तो काढला की आतली माती लोणा लागून (क्षार चढून) भुसभुशीत झालेली आढळते. अशा भिंतीला पुन्हा मातीचा किंवा चुन्याचा गिलावाच मानवतो.

तापीच्या खोऱ्यातली काळी कपाशीची जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वाडा अशा मातीवर असेल आणि पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल, तर भिंतींना कोपऱ्यापासून तिरके तडे जातात. एकदा पाहून त्या तड्याचा अर्थ लागत नाही. तड्यावर काचेची पट्टी चुन्याने चिकटवून तारीख लिहावी, एकदा वैशाखात आणि एकदा भाद्रपदात येऊन पाहावे. पट्टी तुटली तर पाया अजून हलतो आहे. विक्रेत्याला घाई असेल तेव्हा एवढा काळ थांबणे अवघड जाते हे खरे, तरी दोन ऋतू न पाहता मोठा वाडा घेणे योग्य नव्हे. निदान एका मुसळधार पावसात चौकात उभे राहून पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे तरी पाहावेच. चौकाचे पाणी परसात नेणारी जुनी दगडी मोरी वरून फरशी घालून बुजवली असेल, तर जोत्याच्या ओलीचे निम्मे कारण तिथेच सापडते.

किंमत, सौदापावती आणि खरेदीखत

किंमत ठरवताना विक्रेता जागेचा भाव आणि सागवानाचा भाव यांची बेरीज करतो. रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) दर हा मुद्रांक शुल्काचा पाया आहे, वाड्याच्या मोलाचा नाही. दुरुस्तीचा अंदाज खोलीनिहाय लेखी करून घ्यावा आणि तो समोर ठेवूनच बोलावे. गृहकर्जावर भिस्त ठेवणाऱ्यांनी बँकेशी आधीच बोलून घ्यावे, कारण मंजूर नकाशा नसलेल्या मातीच्या घराला कर्ज द्यायला बऱ्याच बँका तयार नसतात.

सौदापावती (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) नोंदवून घ्यावी आणि तिला मिळकतीची यादी जोडावी. ही यादी वाड्याच्या व्यवहारातला सर्वांत मोलाचा कागद आहे. देवडीचा दरवाजा त्याच्या दिंडीसह (दारातल्या छोट्या दारासह), प्रत्येक खांब, तुळई, कोरीव चौकट, झरोका, जिना, कोनाड्यांच्या फळ्या, भिंतीतले फडताळ, बळद (धान्य साठवण्याची भिंतीतली जागा), जाते, दगडी पाट, परसातले प्रत्येक मोठे झाड, असे एकेक लिहून त्यांची छायाचित्रे काढावीत आणि दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात. सौदा आणि खरेदीखत यांच्यामधल्या महिन्यांत चौकटी निघून जातात, आणि यादी नसेल तर त्या तिथे होत्या हेच सिद्ध करता येत नाही. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती किंवा पंचाहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या पोथ्या घरात असतील, तर १९७२चा पुरावशेष कायदा लागू होतो, तेव्हा त्या कोणाकडे जातात हे स्पष्ट लिहावे. पेवात (जमिनीखालच्या धान्यकोठारात) किंवा जोत्याखाली पुरलेले काही सापडले, तर १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

घराण्याचे देव आणि कानबाई या खानदेशी देवीची जागा यांबद्दलही आधीच बोलावे. श्रावणात भाऊबंद तिच्या रोटांसाठी (प्रसादाच्या जेवणासाठी) याच वाड्यात जमत आले असतील, तर ती बैठक पुढे कोणाच्या घरी जाणार हे त्यांना ठरवू द्यावे, देव सन्मानाने हलवण्यासाठी वेळ द्यावा आणि ती तारीख सौदापावतीत घालावी. मोठ्या घराचा व्यवहार अशा एखाद्या न बोललेल्या गोष्टीवर अडतो.

खरेदीखतात घर आणि परस दोन्हींच्या चतुःसीमा, दोन्ही क्रमांक, मोजणीचा नकाशा आणि वरील यादी परिशिष्ट म्हणून यावी. खरेदी घरातल्या स्त्रीच्या नावे केल्यास निवासी मिळकतीवर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार रुपये आहे, आणि व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. खत झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणी झाली पाहिजे. एखादा वारस दुसऱ्या राज्यात असेल, तर ही मुदत हिशेबात धरावी.

नोंदणीनंतर लगेच नगर भूमापन कार्यालयात आणि परस वेगळा असेल तर तलाठ्याकडे, असे दोन्हीकडे फेरफाराचे अर्ज द्यावेत. एकाच अर्जाने दोन्ही होत नाहीत आणि परसाचा फेरफार राहून गेला, तर सातबाऱ्यावर जुने नाव तसेच चालू राहते. पहिल्या वर्षीचे काम छपरापासून सुरू करावे. मृग लागण्याआधी धाब्यावरचे गवत मुळासकट काढून, उतार पन्हाळीकडे आणून खाऱ्या मातीचा नवा थर चोपून घ्यावा, मग चौकाची मोरी मोकळी करावी आणि भिंतींचा गिलावा व रंग यांना एक पूर्ण पावसाळा गेल्यावरच हात लावावा.